वयाआधी व्हिसा बघा

एजवेअर, बर्न्ट ओक, स्टॅनमोर या पट्ट्यातल्या मराठी घरांमध्ये हल्ली एक विचार वारंवार डोकं वर काढतो. मुलं सेकंडरी शाळेत गेलेली असतात, सकाळी साडेआठनंतर घर रिकामं होतं. पुण्या-नाशकात घेतलेली बीएस्सी किंवा बीकॉमची पदवी कपाटातल्या फायलीत पडून असते. अशा वेळी एखादी ताई हळूच विचारते, "या वयात नर्सिंगला गेले तर जमेल का गं?" अलीकडे पुरुषही विचारू लागले आहेत. आयटीतली नोकरी गेलेली असते, पन्नाशी जवळ आलेली असते आणि पुन्हा तेच काम शोधायचं बळ उरलेलं नसतं.

या सगळ्यांना माझं सांगणं एकच आहे. वयाचा प्रश्न तुम्ही सगळ्यात आधी विचारता, तो सगळ्यात शेवटी ठेवा. इंग्लंडमध्ये नर्सिंगच्या प्रवेशाला वरची वयोमर्यादा नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली तर अठ्ठेचाळीसला नोंदणी होते आणि सरकारी पेन्शनचं वय आता ६७ होत आहे. मधे जवळजवळ दोन दशकं कामाची आहेत. अडतं ते कागदांवर, पैशांवर आणि घरातल्या वाटणीवर, आणि तेही बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. म्हणून मी क्रमानेच सांगते.

सगळ्यात आधी तुमचा व्हिसा बघा. तुम्ही ब्रिटिश नागरिक असाल किंवा कायम वास्तव्याची परवानगी, म्हणजे आपण ज्याला आयएलआर म्हणतो ती मिळालेली असेल आणि गेली तीन वर्षं तुम्ही इथेच राहत असाल, तर विद्यापीठ तुमच्याकडून इथल्या विद्यार्थ्याची फी घेतं आणि सरकारी कर्जही मिळतं. जोडीदाराच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून राहत असाल, तर साधारणपणे परदेशी विद्यार्थ्याची फी पडते. ती कितीतरी जास्त असते आणि तिला सरकारी कर्ज नाही. यात तारखेलाही महत्त्व आहे. सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमासाठी १ सप्टेंबरला तुमची स्थिती काय आहे ते पाहिलं जातं. आयएलआर ऑक्टोबरात मिळणार असेल तर त्या सप्टेंबरात घाईने प्रवेश घेऊ नका. पुढचा सप्टेंबर किंवा नंतर सुरू होणारी तुकडी बघा. इमिग्रेशनचे नियम सध्या झपाट्याने बदलत आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निरोपावर विसंबू नका, सरकारी संकेतस्थळावरचं पान स्वतः उघडून वाचा.

डिपेंडंट व्हिसावर असलेल्यांनी इथे निराश होऊ नये. तुम्हाला जवळजवळ कोणतीही नोकरी करायची मुभा आहे आणि रुग्णालयातली हेल्थकेअर असिस्टंटची नोकरीही त्यात येते. आणखी एक वाट आहे, ती फार कमी जणांना ठाऊक असते: नर्सिंग डिग्री अप्रेंटिसशिप. रुग्णालय तुम्हाला पगार देतं, फी तुमच्या खिशातून जात नाही आणि साधारण चार वर्षांत तीच पदवी, तीच नोंदणी मिळते. तिचे वास्तव्याचे नियम विद्यार्थी-कर्जापेक्षा वेगळे आहेत. शिक्षणासाठीचा नसलेला वैध व्हिसा आणि तीन वर्षांचं सलग वास्तव्य असेल तर आयएलआर नसतानाही दार उघडं असू शकतं. व्हिसाची मुदत मात्र शिक्षण पूर्ण होईपर्यंत पुरेल याची खात्री रुग्णालयाला हवी असते. या जागा थोड्या असतात आणि बहुधा आधीपासून तिथे असिस्टंट म्हणून काम करणाऱ्यांनाच मिळतात.

म्हणून दुसरी पायरी सगळ्यांसाठी सारखीच आहे. फॉर्म भरण्याआधी वॉर्डात काम करून बघा.

एजवेअरला राहणाऱ्याला यासाठी लांब जावं लागत नाही. बर्न्ट ओक ब्रॉडवेवर एजवेअर कम्युनिटी हॉस्पिटल आहे, ब्रॉकली हिलवर हाडांचं रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटल आहे, पलीकडे बार्नेट हॉस्पिटल, आणि १८६ नंबरची बस थेट नॉर्थविक पार्क हॉस्पिटलला नेते. एनएचएस जॉब्सच्या संकेतस्थळावर असिस्टंटच्या, रक्त घेणाऱ्या फ्लेबोटॉमिस्टच्या, वॉर्ड क्लार्कच्या जागा येत असतात. असिस्टंटला पूर्वानुभव लागतोच असं नाही, केअर सर्टिफिकेट नोकरीत शिरल्यावर करून घेतात. २०२५-२६ मध्ये या कामाच्या पगारश्रेणीचा, म्हणजे बँड २ चा, वर्षाचा मूळ पगार २४,४६५ पौंड होता, त्यावर लंडन भत्ता. अर्धवेळही करता येतं. सहा महिने करा. रुग्णाला अंघोळ घालणं, बेडपॅन देणं, कूस बदलणं, जेवण भरवणं, रक्तदाब आणि ताप मोजून लिहिणं हे सगळं हाताखालून जाऊ द्या. काहींना कळतं की हे आपलं काम नव्हे. ते पगार घेऊन कळलं तर काहीच बिघडलं नाही, पहिल्या वर्षाची फी भरल्यावर कळलं तर बिघडतं.

"सासूबाईंचं शेवटचं दुखणं मीच काढलं, मला काय अवघड आहे?" असं बऱ्याच जणी म्हणतात. ती पुण्याई खरी आहे आणि मुलाखतीत ती जरूर सांगा. पण घरची शुश्रूषा आणि नर्सिंग यांत मोठं अंतर आहे. एक उदाहरण घ्या. इथल्या रुग्णालयांत प्रत्येक रुग्णाचा श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप अशी सहा मोजमापं घेऊन त्यांना गुण देतात. बाहेरून ऑक्सिजन लावलेला असेल तर त्याचेही गुण धरतात. या पद्धतीला न्यूज-टू म्हणतात. बेरीज पाचवर गेली की तातडीने तपासणी आणि सातवर गेली की आणीबाणी. पहाटे तीन वाजता, सात-आठ रुग्णांमधल्या एकाची बेरीज तीनवरून पाच झाली हे नर्सने पाहायचं असतं, झोपेतून उठवलेल्या डॉक्टरला ते चार वाक्यांत नेमकं सांगायचं असतं, आणि डॉक्टर "बघू सकाळी" म्हणाले तर नम्रपणे पण ठामपणे पुन्हा फोन करायचा असतो. आपल्यातल्या कितीतरी बायकांना आयुष्यभर "उलट बोलू नये" असं शिकवलं गेलं आहे. या कामात वेळीच न बोलण्याने माणूस दगावू शकतो. औषधाचा डोस काढायचं गणितही असंच: नोंदणी मिळण्यापूर्वी त्या परीक्षेत शंभरपैकी शंभरच लागतात. पण दहावीचं गणित येणाऱ्याला ते सरावाने येतं, त्याची धास्ती बाळगू नका.

वॉर्डात मन रमलं तर मग शिक्षणाची वाट धरा. नॉर्दर्न लाइनवर एजवेअरपासून तिसरं स्टेशन हेंडन सेंट्रल, तिथल्या मिडलसेक्स विद्यापीठात नर्सिंग शिकवतात. बीएस्सी तीन वर्षांची असते. प्रौढांचं, मुलांचं, मानसिक आरोग्याचं आणि लर्निंग डिसॅबिलिटीचं अशा चार शाखा आहेत, सगळ्या विद्यापीठांत सगळ्या नसतात. आधीची कोणत्याही विषयातली पदवी आणि रुग्णसेवेचा अनुभव असेल तर काही विद्यापीठांत दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो, त्याचीही चौकशी करा.

इथे आपल्या लोकांना एक अडचण हमखास येते. पदवी १९९८ ची असते, आणि बहुतेक विद्यापीठांना गेल्या तीन ते पाच वर्षांत काहीतरी शिकल्याचा पुरावा हवा असतो. शिवाय इंग्रजी आणि गणित जीसीएसईच्या चौथ्या श्रेणीइतकं असावं लागतं. महाराष्ट्र बोर्डाची दहावी काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी नाही. गुणपत्रिका स्कॅन करून प्रवेश विभागाला इमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. चालत नसेल तर प्रौढांसाठीचं फंक्शनल स्किल्स लेव्हल टू करता येतं. प्रौढ विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या दारापर्यंत नेणारा ॲक्सेस टू हायर एज्युकेशन हा एक वर्षाचा डिप्लोमाही आहे. बार्नेट अँड साउथगेट कॉलेज तर कॉलिनडेललाच आहे, दोन स्टेशनांवर. ॲक्सेससाठी कर्ज काढलं आणि पुढे पदवी पूर्ण केली तर त्या कर्जाची बाकी माफ होते. नर्सिंगचा अर्ज यूकास या विद्यापीठ-प्रवेशाच्या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातो आणि त्याची मुख्य मुदत जानेवारीत संपते, म्हणजे दिवाळीच्या सुमारास तयारी झालेली हवी.

आता पैसे. नर्सिंगची जुनी बर्सरी २०१७ मध्ये बंद झाली, तेव्हापासून फी कर्जाने भरावी लागते. २०२५-२६ ची फी वर्षाला ९,५३५ पौंड होती, म्हणजे तीन वर्षांची साडेअठ्ठावीस हजारांच्या वर. आकडा ऐकून छाती दडपते, पण हे कर्ज गृहकर्जासारखं नाही. वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जेवढी कमाई, तिच्या फक्त ९ टक्के पगारातून कापले जातात. ४० वर्षांनी उरलेलं माफ. नव्या नर्सचा बँड ५ चा २०२५-२६ चा मूळ पगार ३१,०४९ पौंड होता. एजवेअरचा भाग बाह्य लंडनमध्ये येतो, तिथला भत्ता धरून तो सुमारे ३५,७०० होतो. त्यावर कर्जाचा हप्ता महिन्याला ८० पौंडांच्या आसपास बसतो. आणि एक महत्त्वाचं: आधी पदवी घेतलेल्याला दुसऱ्या पदवीसाठी एरवी कर्ज मिळत नाही, पण नर्सिंग त्याला अपवाद आहे. "माझी बीएस्सी झालीय, मला कोण देणार" म्हणून थांबलेल्यांनी हे वाक्य परत वाचावं.

कर्जाशिवाय एनएचएसच्या निधीतून दर वर्षी ५,००० पौंड मिळतात, पंधरा वर्षांखालचं मूल असेल तर आणखी २,०००. हे परत करायचे नाहीत. प्लेसमेंटला, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला, जाण्यायेण्याचा जादा खर्चही मागता येतो. पावत्या जपून ठेवा. राहणीखर्चाचं कर्ज मात्र जोडीदाराचा पगार बघून ठरतं. नवऱ्याची नोकरी चांगली असेल तर ते कमी मिळेल, तेव्हा तीन वर्षांचा घरखर्च कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

महाराष्ट्रातून जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून आलेल्या आणि लग्नानंतर, मुलांनंतर काम सुटलेल्या बहिणींनी हा सगळा अभ्यासक्रम पुन्हा करायची गरज नाही. तुमच्यासाठी एनएमसी, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलची वेगळी वाट आहे. भारतातली नोंदणी, इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची परीक्षा आणि शेवटी प्रत्यक्ष कौशल्यांची ओस्की. इंग्रजीच्या आयएल्ट्स परीक्षेत वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. भारतातली नोंदणी आणि कागद अजून चालू आहेत ना ते पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा बघून या. अशा कितीतरी जणी इथे दुकानात शेल्फ लावत आहेत, आणि आपण नर्स होतो हे शेजारणीलाही सांगत नाहीत. त्यांनी सांगायला हवं.

न सांगण्यामागे काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. "शिकून सवरून हगणंमुतणं काढणार का?" हे वाक्य गावाकडच्या फोनवर अजून ऐकू येतं, आणि एजवेअरच्या हळदीकुंकवातही येतं, जरा सौम्य शब्दांत. या वाक्याशी आपल्या आधीच्या बायका फार मोठी लढाई लढल्या आहेत. पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभं राहिलं. ते उभारणाऱ्या रमाबाई रानडे तेव्हा चाळिशी पार केलेल्या, आठ वर्षांपूर्वी विधवा झालेल्या होत्या. सेवासदनात शिकायला येणाऱ्यांत प्रौढ बायका होत्या, विधवा होत्या, आणि त्यांतल्या काहींना संस्थेने ससून रुग्णालयात नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवलं. परजातीच्या माणसाच्या शरीराला हात लावायचा, रात्रपाळी करायची, अनोळखी पुरुषांचं करायचं, ही त्या काळच्या पुण्याला केवढी आगळीक वाटली असेल याचा विचार करा. त्यांच्याकडे फंक्शनल स्किल्स नव्हतं, पाच हजार पौंडांचा निधी नव्हता, समाजाची संमती तर नव्हतीच. त्याच्याही आधी, १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले साठीच्या पुढे होत्या. रोग्यांची सेवा करताना त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. आपण दर जानेवारीत इथे त्यांच्या जयंतीचे फोटो पाठवतो. मग आपल्याच घरातली बाई बेडपॅन उचलते म्हटल्यावर आवाज खाली का करावा?

घराविषयी थोडं कठोर बोलते. नर्सिंगची पदवी दुपारचा क्लास नव्हे. नोंदणीसाठी एकूण ४,६०० तास लागतात, त्यांतले निम्मे प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे. प्लेसमेंटच्या आठवड्यात साडेबारा तासांच्या पाळ्या असतात, रात्रीच्या असतात, शनिवार-रविवारच्या असतात. सकाळी सातच्या आत घर सोडायचं आणि रात्री नऊला परतायचं, असे लागोपाठ दोन-तीन दिवस येतात. ते दिवस घर कोणी चालवायचं? माझ्या पाहण्यात ज्या मराठी बायका मधेच थांबल्या, त्यांतल्या बहुतेक अभ्यासाने हरल्या नाहीत. त्या पाळी संपवून घरी आल्या आणि कणीक मळायला उभ्या राहिल्या, म्हणून थकून थांबल्या. तेव्हा फॉर्म भरण्याआधी जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांनी बसा. कोणत्या दिवशी स्वयंपाक कोण करणार, मुलाला क्रिकेटला कोण नेणार, भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा प्लेसमेंट असेल तर काय, हे तारखांनिशी बोला. आणि नवरे मंडळींनो, "तू कर ना, माझी काही हरकत नाही" एवढ्याने भागत नाही. आठवड्यातले चार दिवस डबे तुम्ही करणार असाल तर तो पाठिंबा.

शरीराचाही हिशेब करा. पाठीचं जुनं दुखणं, गुडघे, रजोनिवृत्तीतली झोपमोड हे सगळं रात्रपाळीत वाढू शकतं. प्रवेशाच्या वेळी ऑक्युपेशनल हेल्थ विभाग विचारतो, तेव्हा खरं सांगा. दुखणं लपवलं तर सवलत मागता येत नाही, सांगितलं तर कामाची जागा, पाळी बदलून मिळू शकते. ज्यांना उचलाठेव झेपणार नाही त्यांनी मानसिक आरोग्याची शाखा मनात ठेवावी. तिथे समोरच्याचं दुःख ऐकून घेणं, न घाबरता शेजारी बसणं हे मोठं काम असतं, आणि पन्नाशीच्या माणसाने आयुष्यात जे सोसलेलं असतं ते तिथे कामी येतं. पुरुषांनीही हा विचार जरूर करावा.

सगळ्यांनी नर्सच व्हावं असंही नाही. दोन वर्षांत नर्सिंग असोसिएट, म्हणजे असिस्टंट आणि नर्स यांच्या मधली पायरी, होता येतं आणि पुढे वाटलं तर तिथून नर्सही. मायक्रोबायॉलॉजी शिकलेल्यांनी बायोमेडिकल सायंटिस्टची, फिजिओथेरपी शिकलेल्यांनी एचसीपीसी या नियामक संस्थेच्या नोंदणीची चौकशी करावी. फार्मसी टेक्निशियन, रेडिओग्राफर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट ही कामंही उत्तम आहेत.

एक कडू गोष्ट लपवत नाही. "पदवी झाली की दुसऱ्या दिवशी नोकरी" असे दिवस आता नाहीत. २०२५ मध्ये नव्या नर्सना जागा मिळेनात, इतकं की ऑगस्टमध्ये सरकारला नव्या पदवीधरांसाठी हमी योजना जाहीर करावी लागली. त्यातही ज्यांनी ज्या वॉर्डात आधी काम केलं, तिथल्या सिस्टरना ज्यांचा हात माहीत आहे, त्यांचं पारडं जड राहतं. असिस्टंटची नोकरी आधी करा म्हणते त्याचं हेही कारण. आणि नोकरी किंवा स्पॉन्सरशिप देतो म्हणून पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा, मग तो कितीही ओळखीचा, कितीही आपल्या गावचा असो. इथल्या भरतीच्या आचारसंहितेप्रमाणे नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. परदेशातून केअर वर्कर आणण्याची वाट तर जुलै २०२५ मध्ये बंदच झाली आहे, तेव्हा गावाकडच्या कोणाला हे आमिष दाखवलं जात असेल तर त्यांनाही सावध करा.

शेवटची विनंती आहे ती आधीच रुग्णालयांत असलेल्या मराठी नर्स, डॉक्टर, फार्मासिस्ट, टेक्निशियन मंडळींना. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात आपण गणपतीला, दिवाळीला भेटतोच. पुढच्या वेळी जेवणाच्या रांगेत उभे असताना कोणी दबक्या आवाजात नर्सिंगचं विचारलं, तर "वेबसाइटवर बघा" म्हणून मोकळे होऊ नका. तिचा फॉर्म तासभर बसून वाचा, मुलाखतीचे प्रश्न तिच्याकडून मोठ्याने म्हणून घ्या, तुमच्या वॉर्डात असिस्टंटची जागा निघाली की तिला त्याच दिवशी कळवा. एनएचएस जॉब्सवरच्या कित्येक जाहिराती अर्ज पुरेसे आले की मुदतीआधीच बंद होतात.